इलेक्ट्रिक मालवाहू गाडीची रेंज: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात मार्केट यार्डातून माल उचलतो. पाच गाड्या आहेत, त्यातल्या तीन आता बॅटरीवरच्या. हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरं दिसली की सिग्नलला शेजारचा टेम्पोवाला काच खाली करून पहिला प्रश्न विचारतो तो एकच: "किती जाते?" किंमत दुसऱ्या नंबरला येते. हाच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला जातो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ती छोट्या चारचाकी मालवाहू गाड्यांना धरून आहेत. तीनचाकींना हिशोब तोच लागतो, फक्त आकडे लहान.

खरं सांगा, एका चार्जिंगमध्ये किती जाते?

कागदावर १५४ किमी असलेली आमची गाडी भरलेली नेली आणि रिकामी आणली, तर शंभर-एकशेपाच किमी जाते. दोन्ही बाजूंनी भरलेली असेल तर नव्वद धरा. रोज दिवसभर रिकामी फिरवली तर ११५-१२० जाईल, पण रिकामी गाडी फिरवायला आपण ती घेतलेली नाही. हे सगळे आकडे वीस टक्के चार्ज शिल्लक ठेवून सांगतोय. गाडी शून्यावर आणून रस्त्यात उभी करायची आणि त्याला रेंज म्हणायचं, हे आम्ही करत नाही.

मग जाहिरातीतले १५४, १६० हे आकडे खोटे का?

खोटे नाहीत, वेगळ्या जागचे आहेत. टाटांचा एस ईव्ही २०२२ साली आला तेव्हा २१.३ युनिटच्या बॅटरीवर प्रमाणित रेंज १५४ किमी होती. २०२४ मध्ये एक टन माल नेणारी आवृत्ती आली, तिची १६१. महिंद्राची झिओ त्याच वर्षी आली, तिचा दावा १६० पर्यंतचा. २०२५ चा एस प्रो ईव्ही तर १४.४ युनिटच्या बॅटरीवर १५५ सांगतो. हे आकडे चाचणीतून येतात आणि चाचणीला नियम असतात.

आपल्याकडे ही चाचणी घेणारी एक जुनी संस्था आपल्याच गावात आहे, वेताळ टेकडीवरची एआरएआय, १९६६ पासून. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत. रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करत चालवतात. या वेळापत्रकाचं नाव एमआयडीसी. आपल्याला एमआयडीसी म्हटलं की भोसरी आठवते, इथे अर्थ मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल असा आहे. वीस मिनिटांना थोडं कमी असं एक आवर्तन: आधी शहरी चाल चार वेळा, मग थोडा वेगाचा तुकडा, आणि पुन्हा पहिल्यापासून. खोलीचं तापमान वीस ते तीस अंशांत. दिवे आणि इतर उपकरणं बंद. ना चढ, ना वारा, ना सिंहगड रोडचे खड्डे. दोन गाड्यांची आपसात तुलना करायची तर हा आकडा उपयोगाचा आहे, कारण सगळ्यांना परीक्षा एकच. तुमचा उद्याचा रूट त्यावर ठरवायचा नाही.

एवढं सगळं डोक्यात कसं ठेवायचं? सोपा हिशोब काही?

किलोमीटर विसरा, युनिट धरा. डिझेलच्या गाडीला आपण "लिटरला किती" विचारतो, "टाकी फुल केली की किती" असं कुणी विचारत नाही. इथेही तसंच, युनिटला किती हे बघायचं. आमच्या वहीतले आकडे असे: शहरात रिकामी गाडी युनिटला सात, पाचशे-सहाशे किलो भरून सव्वापाच ते साडेपाच, आणि हायवेला भरून सारखी पंचावन्नच्या पुढे दामटली तर पाचच्याही खाली.

आता बॅटरी २१ युनिटची. त्यातले ८० टक्के वापरायचे, म्हणजे १७ युनिट. भरून जाणं आणि रिकामं येणं यांची सरासरी सहा. सहा गुणिले सतरा, एकशेदोन. झाला हिशोब. १४ युनिटची गाडी घेणार असाल तर ११ गुणिले सहा, म्हणजे पासष्ट-सत्तर किमी. गाडी हलकी आहे म्हणून युनिटला अर्धा-एक किमी वर मिळेल, तेवढा वाढवा.

हा आकडा स्वतःच्या गाडीचा काढायला आठवडा पुरतो. रोज सकाळी आणि संध्याकाळी टक्के आणि किलोमीटर वहीत लिहायचे, शेजारी त्या दिवशी काय माल होता ते. आमचा एक ड्रायव्हर ते गुटख्याच्या पुडीच्या मागे लिहायचा. आता त्याला वही आणून दिली आहे.

लोड वाढला की रेंज किती पडते?

सपाट रस्त्याला सलग चाल असेल तर लोक समजतात त्यापेक्षा कमी. शहरात मात्र जास्त, कारण प्रत्येक सिग्नलला ते वजन थांबवायचं आणि पुन्हा पळवायचं असतं. बटाट्याची पन्नास किलोची बारा पोती म्हणजे सहाशे किलो. तेवढ्यावर आमची गाडी युनिटला सातवरून साडेपाचवर येते. हमाल "अजून चार टाकू का?" विचारतो तेव्हा मागच्या चाकाकडे बघा. स्प्रिंगचे पाटे सरळ झाले असतील आणि टायर खाली दबला असेल तर नको म्हणा. ओव्हरलोडमध्ये रेंज जाते ती जाते, वर मोटर आणि बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. डिझेलची गाडी ओरडत का होईना ओढायची. ही ओरडत नाही, गप्प बसते.

घाट चढते का?

चढते, आणि डिझेलच्या छोट्या हत्तीपेक्षा, म्हणजे टाटा एसपेक्षा, झकास चढते, कारण मोटरला सुरुवातीपासूनच पूर्ण ताकद असते. प्रश्न असतो तो बॅटरीतून किती गेलं याचा. घाटाचा हिशोब मात्र अगदी नेमका निघतो, शाळेतल्या विज्ञानाइतका.

खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. गाडी आणि माल मिळून दोन टन. दोन टन वजन साडेपाचशे मीटर वर उचलायला तीन युनिट लागतात, आणि मोटरमध्ये आणि वाटेत वाया जाणारं धरून साडेतीन. हे नुसतं वर उचलण्याचं, रस्ता कापण्याचं वेगळं. २१ युनिटच्या बॅटरीतले सोळा-सतरा टक्के घाटाने खाल्ले. म्हणजे बोरघाट चढणं हे सपाटीवरच्या अठरा-वीस किलोमीटरच्या बरोबरीचं. रूट आखताना आम्ही घाटापुढे "अधिक वीस" लिहितो आणि मोकळे होतो.

कोकणात एक मोठा घाट नसतो, दहा छोटे असतात. तिथे बेरीज करायची ती सगळ्या चढांची. नकाशावरची सुरुवातीची आणि शेवटची उंची बघून फसायला होतं.

उतारावर चार्ज परत येतो म्हणतात. मग चढाचं भरून निघत असेल ना?

अर्ध्याच्या आसपास निघतं, तेही नीट चालवलं तर. आमचाच किस्सा सांगतो. पहिली गाडी घेऊन आठवडा झाला होता. शोरूमवाल्याने "दीडशे आरामात" सांगितलेलं, आणि आम्ही त्यावर बसलो. सकाळी शहरात वीस किलोमीटर, मग रिकामी गाडी शिरवळला, तिथून साडेसहाशे किलो भरून परत. एकूण एकशेवीसच्या आत, म्हणजे दीडशेत सहज बसणारं. खेड-शिवापूरला ड्रायव्हरचा फोन आला, पंधरा टक्के आहेत. शिंदेवाडीला अकरा. नव्या बोगद्याचा चढ लागला आणि नऊवर डॅशबोर्डवर कासव उगवलं. ते कासवाचं चित्र म्हणजे गाडीने ताकद तोडली. मागून ट्रक हॉर्न मारतायत आणि आमची गाडी डाव्या कडेने पार्किंग लाइट लावून पंचवीसच्या चालीने. बोगदा पार झाला तेव्हा सात. पुढे नवले पुलापर्यंत सगळा उतार, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून धरला आणि खाली आला तेव्हा आठ. रस्ता कापण्याचंही त्यातच धरून चढाने चार खाल्ले, उताराने एक दिला. तेवढ्यावर गाडी यार्डात पोचली, पण दुपारची डिलिव्हरी गेली ती गेलीच.

दोन गोष्टी ड्रायव्हरच्या डोक्यात घालाव्या लागतात. पहिली, उताराला न्यूट्रल करायचं नाही. डिझेल वाचवायची ही जुनी खोड इथे उलटी पडते. न्यूट्रलमध्ये मोटर चार्ज करत नाही, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. दुसरी, घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून लगेच खाली उतरायचं नाही. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे मोटरचा ब्रेक लागत नाही. लोणावळ्याला चार्ज करून खोपोलीकडे उतरणार असाल तर नव्वदला चार्जरची गन, म्हणजे गाडीत बसणारा प्लग, काढा.

डॅशबोर्डवर ११० किमी दाखवतंय, त्यावर विश्वास ठेवू का?

नको. तो आकडा गाडी मागच्या चालीवरून काढते. रिकामी येताना युनिटला सात पडले असतील तर ती पुढेही सातच धरते. तिला काय माहीत की तुम्ही आता कांदा भरलाय? टक्के बघा आणि वहीतल्या आकड्याने गुणा.

टक्केही कधीकधी चकवतात. या गाड्यांत बहुतेक ठिकाणी एलएफपी जातीच्या बॅटऱ्या असतात, म्हणजे लोह आणि फॉस्फेटच्या. त्या टिकाऊ, उष्णतेला सोसणाऱ्या, पण त्यांचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय हे गाडीच्या मेंदूला नीट कळत नाही. रोज सत्तर-ऐंशीवर चार्जिंग काढत राहिलात तर अंदाज हळूहळू घसरतो आणि एखाद्या दिवशी अठरावरून टक्के एकदम खाली येतात. उपाय फुकटचा आहे: आठवड्यातून एकदा रात्रभर लावून पूर्ण शंभर होऊ द्या. आम्ही शनिवारी लावतो.

उन्हाळ्यात, पावसात, थंडीत काय फरक?

पुण्यात थंडीचा फरक पाच-सात टक्क्यांच्या वर आम्हाला दिसलेला नाही. विदर्भातल्या मे महिन्यात रेंजपेक्षा चार्जिंगचा त्रास जास्त: भर दुपारी तापलेल्या बॅटरीला फास्ट चार्जर लावला की गाडी स्वतःच वीज कमी घेते आणि तासाचं काम दीड तासावर जातं. गाडी सावलीत लावा आणि जमलं तर रात्री चार्ज करा. पावसात ओला रस्ता, वायपर, दिवे आणि ट्रॅफिक मिळून थोडं जातं. पण पावसाळ्यातला खरा चोर वेगळाच, तो पुढच्या प्रश्नात.

गाडी तीच, रूट तोच, पण रेंज अचानक पंधरा-वीस किमी कमी झाली. बॅटरी गेली का?

बॅटरी अशी एका आठवड्यात जात नाही. आधी टायरची हवा बघा. मग हे करा: नेहमीची फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ धरा. तीन कोमट आणि एक कढत लागला तर त्या चाकाचा ब्रेक चिकटलाय. पावसाळ्यात चिखल आत जातो, लायनर पूर्ण सुटत नाही, आणि गाडी दिवसभर ब्रेक लावूनच चालते. डिझेलच्या गाडीत हे महिनोन्महिने लक्षात येत नाही, आवाजात जिरून जातं. आमच्या एका गाडीत जुलैमध्ये हेच झालं होतं. मेकॅनिकने ड्रम उघडून साफ केला, दोनशे रुपये घेतले, आणि दुसऱ्या दिवशी रेंज जागेवर.

त्यानंतर ड्रायव्हर बदललाय का ते विचारा. नवा पोरगा सिग्नल सुटला की शर्यत लावत असेल तर दहा टक्के तिथे जातात.

मागे उंच कंटेनर बॉडी लावली तर?

शहरात फारसं कळत नाही. हायवेला कळतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चाळीसऐवजी साठने गेलात की सव्वादोन पट. केबिनच्या वर दोन फूट निघालेली चौकोनी पेटी हवेशीच मारामारी करत जाते. पार्सलचं काम असेल तर बंद बॉडी लागतेच, पण उंची लागेल तेवढीच करा. उघडा हौदा असेल तर ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री म्हणजे उलटं लावलेलं शीड.

आइस्क्रीम, दूध, औषधं, म्हणजे थंड गाडी असेल तर?

इथे जपून. कूलिंग युनिट गाडीच्याच बॅटरीवर चालत असेल आणि सरासरी एक-सव्वा किलोवॉट ओढत असेल, तर सहा तासांत सहा-सात युनिट तेच खाणार. बॅटरीचा तिसरा हिस्सा गाडी न हलता संपला. त्यापेक्षा युटेक्टिक प्लेटची बॉडी बघा: रात्री भिंतीतल्या विजेवर प्लेटा गोठवायच्या, दिवसभर त्या माल थंड ठेवतात आणि बॅटरीला हात लागत नाही. प्लेटांचं वजन मात्र मालातून वजा होतं. आणि दार उघडं ठेवून गप्पा मारणारा ड्रायव्हर दोन्ही पद्धतींत महाग पडतो.

दुपारी जेवणाच्या वेळात थोडं चार्ज करून घेतलं तर चालतं?

चालतं नव्हे, तसंच करावं. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिट चढतात, म्हणजे साधारण पंधरा किलोमीटर. गोडाऊनला माल उतरायला दीड तास लागतो, तेवढ्यात वीस-बावीस किमी मिळाले. पूर्ण रिकामी बॅटरी अशी भरायला सात तास जातात. फास्ट चार्जर असेल तर गाडीप्रमाणे एक-दोन तासांत बहुतेक काम होतं, पण तुमच्या गाडीची गन कुठली ते घेतानाच विचारून ठेवा. चार्जर समोर असून गन बसत नाही, यासारखी चिडचिड नाही.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. तीन किलोवॉट सलग सात तास म्हणजे गीझर रात्रभर चालू ठेवण्यासारखं आहे. आमच्या शेडमध्ये एकदा बोर्ड काळा पडून प्लग आत वितळला होता. जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, चांगलं अर्थिंग, एवढा खर्च आधी करा.

मीटरवरचे युनिट बॅटरीतल्यापेक्षा जास्त दिसतील. २१ भरायला २४ च्या आसपास लागतात, बाकीचे चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात. वीजबिलाचा हिशोब २४ नेच करा.

पुणे-मुंबई करता येईल का?

मार्केट यार्ड ते वाशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जाताना घाट उताराचा, त्यामुळे वाटेत एकदा चार्ज करून पोचाल. येताना तोच घाट भरलेल्या गाडीने चढायचा. करता येतं, आम्ही एकदा केलंही, पण दिवस गेला. या गाड्या ताशी साठच्या आसपास संपतात आणि त्यांचा धंदा शंभर किलोमीटरच्या आतला आहे. रोज लांबचं काम असेल तर मोठ्या बॅटरीच्या गाड्या आहेत: मोंट्राच्या इव्हिएटरची बॅटरी ८० युनिटची आणि प्रमाणित रेंज २४५ किमी. किंमत आणि आकारही त्याच मानाने.

टोलबद्दलही विचारतात. अटल सेतूवर २०२५ च्या ऑगस्टपासून टोलमाफी मिळाली ती प्रवासी इलेक्ट्रिक गाड्यांना. मालवाहू गाडी त्यात धरलेली नाही. परमिटची मात्र कटकट नाही, बॅटरीवरच्या वाहतूक गाड्यांना केंद्राने २०१८ सालीच त्यातून सूट दिली आहे.

परदेशात व्हॅन तीनशे किलोमीटर जातात, आपल्याला का नाही?

फोर्डची ई-ट्रान्झिट आली तेव्हा बॅटरी ६८ युनिटची आणि युरोपच्या चाचणीत रेंज ३१७ किमी. भागाकार करा, युनिटला साडेचार-पावणेपाच. आपली एस ईव्ही चाचणीत युनिटला सात देते. गाडी लहान, चाल कमी, म्हणून आपली काटकसरी आहे. त्यांची लांब जाते कारण बॅटरी तिप्पट आहे. तेवढी बॅटरी छोट्या हत्तीत घातली तर पाचशे किलोच्या वर वजन तिचंच होईल. मग बटाटे कुठे ठेवायचे?

चार-पाच वर्षांनी रेंज किती उरेल?

कमी होईल, हे धरून चला. कंपन्या बॅटरीला सात-आठ वर्षं किंवा दीड-पावणेदोन लाख किलोमीटर अशी वॉरंटी देतात, जे आधी होईल ते. त्या कागदात एक ओळ शोधा: क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल? तो आकडा सत्तर असेल, तर बहात्तर टक्क्यांवर आलेली बॅटरी त्यांच्या लेखी ठणठणीत आहे. आज शंभर जाणारी गाडी तेव्हा बहात्तर जाईल आणि कुणी काही देणार नाही. म्हणून आज रोज पंच्याण्णव किलोमीटरचं काँट्रॅक्ट अंगावर घेऊ नका. सत्तर-पंच्याहत्तरचं घ्या, किंवा मधल्या चार्जिंगची जागा त्या पार्टीकडून लिहून घ्या.

छतावर सोलर पॅनेल लावलं तर रेंज वाढेल का?

हा प्रश्न दर आठवड्याला एकदा येतोच, बहुतेक मार्चनंतर. छोट्या बंद बॉडीच्या छतावर पाच-सहाशे वॉटची पॅनेलं बसतील. पुण्याच्या चांगल्या उन्हात, गाडी दिवसभर उघड्यावर असेल तर त्यातून दोन-अडीच युनिट निघतील. म्हणजे दहा-बारा किलोमीटर, त्यातून पॅनेलांचं वजन आणि वर बसवायचा खर्च वजा. आमच्या एका भाजीवाल्या गिऱ्हाइकाला हा हिशोब सांगितला, त्याला तो पटलाही. मग म्हणाला, "पण साहेब, गाडी दिवसभर उन्हात लावायची तर मेथीचं काय?"